धुऱ्यावरून सातबाऱ्यापर्यंत

बुलढाणा जिल्ह्यात घाटावर सोयाबीनचा आणि घाटाखाली कपाशीचा पेरा मोठा असून, तेथील मोबाइलच्या वापराचा विचार करताना समाजमाध्यमांइतकेच लक्ष एका सरकारी अ‍ॅपकडे द्यावे लागते, कारण शेतकऱ्याचा फोन थेट महसुली दप्तराशी जोडला गेला तो त्यामुळेच. सातबारा उताऱ्यात दोन नमुने एकत्र असतात: जमीन कोणाच्या नावे आहे हे गाव नमुना 7 सांगतो, तर तीत कोणत्या हंगामात काय पेरले हे नमुना 12 मध्ये लिहिले जाते. हा पीकपेरा पूर्वी तलाठी नोंदवीत. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली आणि नोंदीचे काम मुख्यतः शेतकऱ्यावर आले.

अ‍ॅपमध्ये खाते व गट क्रमांक निवडून पीक, क्षेत्र, सिंचनाचे साधन आणि लागवडीची तारीख भरल्यावर शेतातच उभे राहून पिकाचे छायाचित्र काढावे लागते. त्या वेळी फोन उपग्रहांच्या संकेतांवरून जागेचे अक्षांश-रेखांश ठरवतो व ते छायाचित्राला जोडले जातात, म्हणजे घरी बसून दुसऱ्याच वावराचा फोटो चालत नाही. धुऱ्यावर उभे राहून, कपाशीच्या ओळींसमोर फोन धरून, स्थान पक्के होईपर्यंत वाट पाहणे हे आता खरिपातले एक कामच झाले आहे.

शेताची खरी माहिती ज्या वडीलधाऱ्यांना असते त्यांच्याकडे पुष्कळदा साधा फोन असतो, आणि स्मार्टफोन असतो तो शिक्षणासाठी किंवा कामासाठी बाहेरगावी राहणाऱ्या मुलाकडे. ही अडचण नेटवर्कच्या अडचणीहून मोठी मानली पाहिजे. तिची किंमत पैशांत मोजावी लागते. 2023 च्या खरिपातील कापूस व सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी 5,000 रुपये, 2 हेक्टरच्या मर्यादेत, देण्याचे ठरले तेव्हा प्रथम ई-पीक पाहणीच्या नोंदीचीच अट होती. नोंद नसलेल्यांची ओरड झाल्यावर ती शिथिल करण्यात आली. पीक शेतात उभे असूनही केवळ फोनअभावी ते कागदावर येऊ नये, हा अन्यायच होय, आणि म्हणून गावपातळीवर नेमलेल्या सहायकांनी अशा घरांपर्यंत आधी पोहोचले पाहिजे.

हंगामाची मुदत संपण्यापूर्वी प्रत्येक खातेदाराने आपल्या उताऱ्यावरील नमुना 12 एकदा स्वतः वाचून, किंवा वाचून घेऊन, तपासावा.