भूमिती सुटली, कोन राहिला

दहावीचा निकाल लागला की अकरावी विज्ञानाच्या अर्जासमोर बसलेल्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "मॅथ्स सोडू, बायो ठेवू." गणितात जेमतेम निभावलेल्या मुलांना हा दरवाजा मोठा सोयीचा वाटतो. पुढे काय, या प्रश्नावर हल्ली डॉक्टरकीपाठोपाठ फिजिओथेरपीचं नाव निघतं. नियम पाहिले तर हिशेब बरोबर आहे. बीपीटीएचला, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीला, भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र घेऊन झालेली बारावी चालते, आणि महाराष्ट्रात हे प्रवेश नीटच्या गुणांवर होत आले आहेत. नीटमध्ये गणिताचा पेपर नाही.

पण भौतिकशास्त्र आहे. नीटच्या १८० प्रश्नांत ९० जीवशास्त्राचे, ४५ रसायनाचे आणि ४५ भौतिकाचे. प्रत्येक बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं की १ वजा. या ४५ प्रश्नांत सोडलेलं गणित मागच्या दाराने आत येतं: सदिश, साइन-कोसाइन, घातांक, थोडं विकलन. बायो ग्रुप घेतलेल्या मुलांची खरी दमछाक इथेच होते, आणि अकरावीचा अर्ज भरताना त्यांना याची कल्पना देणारं सहसा कोणी भेटत नाही. गणिताचं पुस्तक बंद केलं तरी त्रिकोणमिती आणि समीकरणं तेवढी हाताशी ठेवावी लागतात.

एकदा आत गेलं की गणिताचा रंग बदलतो. अभ्यासक्रमात पाठांतराचा डोंगर शरीररचनेचा असतो. आकडे येतात ते रुग्णाच्या खाटेशी. भारतात या शिक्षणाची सुरुवातच पोलिओतून झाली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने मुंबईच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं विद्यालय उभं राहिलं.   पोलिओने लुळ्या पडलेल्या पायात किती ताकद उरली, हे लिहून ठेवायला ० ते ५ अशा श्रेणी वापरत. त्या आजही वापरतात. ० म्हणजे हालचालीचा मागमूस नाही, ३ म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध अवयव उचलता येतो, ५ म्हणजे पूर्ण जोर. यात बेरीज-वजाबाकी काही नाही. उलट ती करायची नाही, हे शिकावं लागतं. श्रेणी ४ चा स्नायू श्रेणी २ च्या दुप्पट बलवान नसतो.

खरी गंमत जैवयांत्रिकीत, मुलांच्या भाषेत 'बायोमेक'मध्ये आहे. उजवा खुबा दुखणाऱ्या आजोबांनी काठी कोणत्या हातात धरावी? घरचे म्हणतात, उजव्या. फिजिओ म्हणतो, डाव्या. त्याचं कारण सातवीच्या गणितात मावतं.

चालताना दर पावलाला एक क्षण असा येतो की सगळा भार एकाच पायावर असतो. आजोबांचं वजन ६० किलो धरू. टेकलेल्या पायाचे साधारण १० किलो वगळले तर उजव्या खुब्याला ५० किलो तोलायचे आहेत. हा भार सांध्यापासून अंदाजे १० सेंटिमीटर आतल्या बाजूला खाली ओढतो. त्याला सावरणारे कुल्ह्याचे स्नायू सांध्याच्या बाहेर आहेत, पण जेमतेम ५ सेंटिमीटरवर. सी-सॉच्या आखूड टोकाला बसलेल्यासारखी त्यांची गत. अंतर निम्मं, म्हणून जोर दुप्पट: १०० किलो. सांध्यावर दोन्ही दाब पडतात, म्हणजे १५० किलो. शरीराच्या वजनाच्या अडीचपट!

आता काठी डाव्या हातात द्या. ती उजव्या खुब्यापासून साधारण ५० सेंटिमीटर दूर टेकते. तिच्यावर फक्त ५ किलो रेटले तर ५ गुणिले ५० म्हणजे २५०. आधीचे होते ५० गुणिले १०, म्हणजे ५००. उरलेले २५० भागिले ५. स्नायूंना आता ५० किलोचाच जोर लावायचा आहे. सांध्यावर ५० अधिक ५० वजा ५, म्हणजे ९५ किलो. दीडशेवरून पंचाण्णव, तेही पाच किलोच्या रेट्यात. उजव्या हातात काठी धरली की अंग तिच्यावर झुकवावं लागतं आणि हातावर कितीतरी जास्त भार द्यावा लागतो. आकडे इथे सोपे करून घेतले आहेत, पण जर्मन अस्थितज्ज्ञ फ्रिडरिश पाउवेल्स यांनी १९३० च्या दशकात खुब्याचा हिशेब मांडला तो याच तत्त्वावर.

बाकीचं गणित किरकोळ म्हणावं असं. गोनिओमीटर म्हणजे दोन दांड्यांचा कोनमापक. गुडघा साधारण १३५ अंशांपर्यंत वाकतो, पण मांडी घालून किंवा उकिडवं बसायला त्याहून जास्त लागतात, म्हणून आपल्याकडच्या रुग्णाचं 'बरं होणं' पुस्तकातल्या आकड्यावर संपत नाही. हृदयरुग्णाच्या व्यायामाचा वेग ठरवायला २२० वजा वय: पन्नाशीच्या माणसाचे १७०, त्यातून विश्रांतीचे ठोके ७० वजा, उरलेल्या १०० चे निम्मे ५०, त्यात पुन्हा ७० मिळवले की १२०. 'इलेक्ट्रो'त, म्हणजे विद्युतोपचारात, ४००० आणि ४१०० हर्ट्झचे दोन प्रवाह एकमेकांत मिसळले की स्नायूला १०० हर्ट्झचा ठोका मिळतो; साधी वजाबाकी.

अवघड जातं ते शेवटी येणारं जैवसांख्यिकी. विद्यार्थी त्याला कंटाळतात, आणि व्यवसायात सर्वांत जास्त उपयोगी पडतं ते हेच. फुप्फुसाच्या जुनाट आजाराचा रुग्ण सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीत गेल्या महिन्यात ३२० मीटर चालला, आज ३३५. नातेवाईक खूश होतात. अशा रुग्णांत साधारण ३० मीटरच्या आसपासचा फरक दखल घेण्याजोगा मानतात, हे ज्याला ठाऊक आहे तो फिजिओ मात्र व्यायाम बदलायचा की तसाच ठेवायचा, याचा विचार सुरू करतो. अमेरिकेत फिजिओथेरपीची डॉक्टरेट पदवी देणाऱ्या अनेक संस्था प्रवेशाआधी संख्याशास्त्राचा एक विषय मागतात, कॅल्क्युलस सहसा मागत नाहीत.