खाल्लेलं अंगी का लागत नाही?

क्षयरोग्याच्या घरात एक तक्रार हमखास ऐकू येते: “दोन घास जातात पोटात, पण अंगी काही लागत नाही.” आपण तिचं खापर भुकेवर नाहीतर पचनावर फोडतो. भूक मरते हे खरंच. पण अंगी न लागणं हेही शब्दशः खरं आहे, आणि ते मोजून झालेलं आहे. क्षयरोगी, नुसतेच कुपोषित आणि धडधाकट अशा तीन गटांतल्या माणसांच्या शरीरात प्रथिनांचं काय होतं, याचा एक अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. क्षयरोग्याचं शरीर जेवणातल्या प्रथिनांचा बराच मोठा वाटा इंधन म्हणून जाळून टाकत होतं, इतर दोन्ही गटांपेक्षा जास्त. घरासाठी आणलेले वासे चुलीत घालावेत, तसं.

प्रथिनं पचली की त्यांची अमिनो आम्लं होतात. ती वीस प्रकारची. त्यांतली नऊ आपल्याला बनवता येत नाहीत, ती ताटातूनच यावी लागतात. या नवांपैकी ट्रिप्टोफॅन अन्नात फार थोडं असतं, आणि दीर्घ संसर्गात सगळ्यात नाट्यमय फेरफार होतात ते याच्याच हिशोबात.

जंतू शिरल्याची वर्दी मिळाली की आपल्या टी पेशी इंटरफेरॉन-गॅमा नावाचं रसायन सोडतात. त्याच्या हुकुमाने भक्षक पेशींत आयडीओ हे एन्झाइम तयार होतं, आणि ते ट्रिप्टोफॅन मोडून त्याचं कायन्युरेनिन करतं. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून आपलंच कोठार रितं करायचं, असा हा डाव. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एल्मर फेफरकॉर्न यांनी तो प्रयोगशाळेत पकडला. इंटरफेरॉन दिलेल्या मानवी पेशींत टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी वाढेना; बाहेरून भरपूर ट्रिप्टोफॅन घातलं, की पुन्हा वाढू लागला. उपासमारीनेच तो जेरीस आला होता.

क्षयाच्या जंतूपुढे मात्र हा डाव चालत नाही. त्याला ट्रिप्टोफॅन स्वतःच बनवता येतं. २०१३ मध्ये अमेरिकी संशोधकांनी ही क्षमता काढून घेतलेले जंतू उंदरांना टोचले, तेव्हा टी पेशींनी त्यांचा निकाल लावला. म्हणजे आपला उपासमारीचा मारा बरोबर जागी बसतो. फक्त समोरच्याची स्वतःची भट्टी पेटलेली असते.

मग उपाशी कोण राहतं? आपल्याच टी पेशी. त्यांनाही वाढायला ट्रिप्टोफॅन लागतं. शिवाय साठत जाणारं कायन्युरेनिन त्यांना थंड करतं. माकडांवरच्या एका प्रयोगात, २०१८ मध्ये, आयडीओला औषधाने आवर घातला तेव्हा फुप्फुसातल्या जंतूंची संख्या घटली. यावरून शरीराला मूर्ख ठरवण्याची घाई मी करणार नाही. टी पेशी बेफाम झाल्या तर त्या फुप्फुसच पोखरतील. त्यांना लगाम हवाच. आठवडाभराच्या तापात हा सौदा स्वस्तात पडतो. महिनोन् महिने चालणाऱ्या क्षयात त्याची किंमत भारी होते. क्षयरोग्यांच्या रक्तात कायन्युरेनिनचं ट्रिप्टोफॅनशी प्रमाण चढलेलं दिसतं, आणि औषधं लागू पडली की ते उतरू लागतं.

जाता जाता गोळ्यांच्या पाकिटातली एक गोष्ट. आयसोनायझिड या क्षयाच्या औषधासोबत ब-६ जीवनसत्त्वाची गोळी देतात, ती मुख्यतः हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून. पण ट्रिप्टोफॅनपासून नायसिन बनवण्याच्या वाटेवरही हेच ब-६ लागतं, आणि आयसोनायझिड ते ओढून घेतं. ती गोळी ‘साधी ताकदीची’ म्हणून टाळण्यासारखी नाही.

एवढं कळल्यावर एखादं अमिनो आम्ल वरून देण्याचा मोह होतोच. इथिओपियातल्या गोंदर इथे आर्जिनिन देऊन पाहिलं. जंतू मारायला भक्षक पेशी नायट्रिक ऑक्साइड वापरतात, ते आर्जिनिनपासूनच बनतं. कॅप्सूलच्या पहिल्या चाचणीत थोडा फायदा दिसला. पुढे रोज ३० ग्रॅम शेंगदाणे देऊन मोठी चाचणी झाली. एकूण रुग्णांत बरं होण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. मूठभर शेंगदाणे खावेत, त्यांना औषध समजू नये.

पुरेसं, सगळ्या प्रकारचं अन्न ही मात्र वेगळी गोष्ट. झारखंडमधल्या ‘रॅशन्स’ चाचणीत २,८०० रुग्णांना औषधांच्या जोडीला सहा महिने तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल असा शिधा दिला: दिवसाला १,२०० कॅलरी आणि ५२ ग्रॅम प्रथिनं. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. ज्या घरांत रुग्णाबरोबर कुटुंबालाही शिधा मिळाला, तिथे नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. औषधं जंतूंना मागे रेटतात, तशी आतली आग मंदावते. त्या वेळी ताटात काही असेल, तरच ते अंगी लागणार.

सरकारच्या निक्षय पोषण योजनेतून क्षयरुग्णाला नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० ऐवजी १,००० रुपये मिळतात. घरात कुणी उपचार घेत असेल तर ते खात्यात जमा होताहेत ना, बघा. दर पंधरा दिवसांनी एकाच काट्यावर वजन करून औषधाच्या कागदावर लिहून ठेवा. दोन महिन्यांत काटा हलला नाही, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना सांगा.