पार्किंगचा दंड आणि दारातला वसुलीवाला

मागच्या वेळी वीजबिलावर बोलताना जाता जाता म्हटलं होतं, की पार्किंगच्या कटकटींबद्दल काही असेल तर कळवा. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत इतक्या जणींनी कळवलं, की आजचा सगळा वेळ त्यालाच द्यायचं ठरवलं.

मुलुंडच्या एक ताई कापडी पिशवीत कागद घालून थेट भेटायलाच आल्या. त्यांची मुलगी नोकरीला जाते, तिची स्कूटर सोसायटीच्या स्टिल्टमध्ये उभी राहायची. एक दिवस कळलं की ती जागा दुसऱ्या सभासदाने बिल्डरकडून "विकत घेतलेली" आहे. पुढच्या मेंटेनन्स बिलात "पार्किंग दंड" असा नवा रकाना आला: रोजचे 200, साठ दिवसांचे 12,000. मग त्यावर व्याज, मग "वसुली खर्च" 2,500. आकडा झाला 16,390. शेवटी कुठल्याशा वसुली सेवेचं पत्र आलं. वर लाल अक्षरात "अंतिम नोटीस" आणि खाली तीन दिवसांत पैसे भरा, नाहीतर घरावर जप्ती, सिबिल खराब. पाठोपाठ एक माणूस रात्री नऊ वाजता दारात. ताई विधवा आहेत. बांगड्या गहाण ठेवायच्या विचारात होत्या.

मी विचारलं, "ताई, याला उत्तर काय दिलंत?" म्हणाल्या, "उत्तर कसलं? राग आला, चार महिने मेंटेनन्सच भरला नाही."

इथेच गडबड झाली. कागद लाल आहे म्हणून घाबरायचं नाही हे खरं, पण कागद सोसायटीचा आहे म्हणून दुर्लक्षही करायचं नाही. कुठल्या मागणीला दात आहेत आणि कुठली नुसती गुरगुरते, हे आधी ओळखायला हवं.

आधी जागेचं बघू. बिल्डरने पार्किंग विकलं, हे वाक्य आपल्या उपनगरांत सर्रास ऐकू येतं. यावरचा सगळ्यात महत्त्वाचा खटला आपल्याच भागातला आहे. दहिसर पूर्वेला आनंदनगरमध्ये पांचाली नावाची सहकारी सोसायटी आहे. तिथल्या स्टिल्टमधल्या 25 पार्किंगच्या जागा आपल्या आहेत, सोसायटीने त्यात ढवळाढवळ करू नये, असं म्हणून बिल्डर कोर्टात गेला. शहर दिवाणी न्यायालयात हरला, मुंबई उच्च न्यायालयात हरला, सर्वोच्च न्यायालयात गेला. 31 ऑगस्ट 2010 ला तिथेही हरला. न्यायालयाने सांगितलं की 1963 च्या महाराष्ट्र फ्लॅट मालकी कायद्यानुसार स्टिल्टमधली पार्किंगची जागा म्हणजे फ्लॅट नव्हे, ती वेगळी विकता येत नाही. ती सगळ्यांची सामायिक जागा. कोणाला कुठे गाडी लावू द्यायची, हे सोसायटी ठरवते. पुढे रेरा कायदा आला, त्यातही उघड्या पार्किंगची जागा सामायिकच धरली आहे. म्हणजे ताईंच्या शेजाऱ्याने बिल्डरला पैसे दिले असतील, पण त्या पावतीच्या जोरावर स्टिल्ट त्याच्या मालकीचा होत नाही.

याचा अर्थ कुणीही कुठेही गाडी लावावी असा नाही हं. सर्वसाधारण सभेने ठरवलेलं महिन्याचं पार्किंग शुल्क द्यावंच लागतं आणि ठरवून दिलेली जागाही पाळावी लागते. प्रश्न दंडाचा आहे. सोसायटीला दंड लावता येतो, पण सेक्रेटरीच्या मनाला आलं म्हणून नाही. 2014 च्या आदर्श उपविधींत त्याची रीत दिली आहे: आधी सभासदाला लेखी नोटीस, मग बाजू मांडायची संधी, मग सर्वसाधारण सभेचा निर्णय. त्यातही वर्षाला 5,000 रुपयांची मर्यादा आहे. ताईंना ना नोटीस मिळाली होती, ना सभेच्या इतिवृत्तात त्यांचं नाव होतं. "वसुली खर्च" तर कुठल्याच ठरावात नव्हता. थकबाकीवरच्या व्याजालाही त्या उपविधींत वर्षाला 21 टक्क्यांची कमाल आहे आणि तेही सरळ व्याज, चक्रवाढ नाही. तुमच्या सोसायटीने नेमके कोणते उपविधी स्वीकारले आहेत, ते मागून घ्या. ठरलेली फी भरली की उपविधींची आणि सभेच्या इतिवृत्ताची नक्कल मिळण्याचा सभासदाला हक्क आहे. देत नाहीत असं झालं तर तेही लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडतं.

आता दातांबद्दल. सोसायटीची थकबाकी ही साधी उधारी नाही. सोसायटी उपनिबंधकाकडे जाऊन वसुली दाखला मागू शकते. तो मिळाला की ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. तेव्हा मात्र जप्तीची भाषा खरी ठरते. पण दाखला देण्याआधी उपनिबंधक तुम्हाला नोटीस काढतो, म्हणणं ऐकतो. त्या तारखेला हजर राहा. कामावर खाडा झाला तरी चालेल. कारण एकदा दाखला निघाला आणि त्याविरुद्ध वर दाद मागायची झाली, तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते. जे पहिल्या तारखेला फुकट बोलता आलं असतं, ते नंतर अर्धे पैसे मोजून बोलायचं.

आणखी एक गैरसमज. "तीन वर्षं झाली, आता कोण विचारतंय?" दुकानदाराच्या उधारीला हे ठीक. पण सहकार कायद्यात सोसायटीच्या सभासदाकडच्या येण्याची मुदत तो सभासद असेपर्यंत सुरूच होत नाही. जुनं बिल आपोआप मरत नाही, बायांनो.

म्हणून ताईंना पहिलं काम सांगितलं ते चार महिन्यांचा मेंटेनन्स भरायचं. वाद दंडाचा आहे, पाणीपट्टीचा आणि लिफ्टचा नाही. सगळंच थांबवलं की आपण खरंच थकबाकीदार ठरतो, समितीच्या निवडणुकीला उभं राहता येत नाही आणि उपनिबंधकासमोर आपलीच बाजू लंगडी पडते. पण चेक नुसता खिडकीत टाकून यायचं नाही. सोबत पत्र द्यायचं, की ही रक्कम अमुक ते अमुक महिन्यांच्या मेंटेनन्सपोटी आहे, दंडाकडे वळती करू नये. पैसे देणाऱ्याने ते कशासाठी आहेत हे सांगितलं आणि घेणाऱ्याने घेतले, तर ते त्यातच जमा धरावे लागतात. 1872 च्या करार कायद्याच्या 59 व्या कलमात हे आहे.

त्याच पत्रात पुढे दंडाबद्दल चार ओळी. ताईंनी असं लिहिलं: "पार्किंग दंड म्हणून दाखवलेली रक्कम मला मान्य नाही. ही आकारणी कोणत्या सभेच्या कोणत्या ठरावाने झाली, मला नोटीस कधी दिली, हे कागदपत्रांसह कळवावे. तोपर्यंत ही रक्कम वादग्रस्त म्हणून वेगळी दाखवावी." पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सहीची पोच. पोच देत नसतील तर स्पीड पोस्ट. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर भांडू नका, तिथे नको ते बोललं जातं आणि त्याचे फोटो राहतात.

राहिला दारातला माणूस. वसुली एजंट हा नुसता निरोप्या. ज्याने पाठवलं त्याच्यापेक्षा जास्त हक्क त्याला मिळत नाहीत. घरात शिरणं, वस्तू उचलणं, गाडीची चावी काढून घेणं यातलं काहीही त्याला करता येत नाही. त्याच्याशी दारातच बोला, साखळी लावून. नाव विचारा, पाठवणाऱ्याचं अधिकारपत्र मागा, "माझं म्हणणं मी सोसायटीला लेखी दिलं आहे" एवढं सांगा आणि दार लावा. आरडाओरडा करू लागला, धमकी दिली, तर 112 ला फोन. धमकावणं, घरात घुसणं, बाईमाणसाला वाटेल ते बोलणं हे भारतीय न्याय संहितेत गुन्हे आहेत. आणि ते सिबिल? तिथे नोंदी पाठवतात त्या बँका, फायनान्स कंपन्या अशा कर्ज देणाऱ्या संस्था. सोसायटीच्या पार्किंगचा दंड तिथे जात नाही. ती धमकी पोकळ.

बँकेच्या कर्जाची वसुली असेल तर मात्र गोष्ट वेगळी, आणि तिथे आपल्याला जास्त संरक्षण आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे, की वसुली एजंटने थकलेल्या कर्जासाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही, नातेवाईक आणि ओळखीच्यांना त्रास द्यायचा नाही. त्याच्याकडे ओळखपत्र आणि बँकेचं पत्र असायला हवं. तक्रार आधी बँकेकडे करायची. 30 दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं, त्याला पैसे पडत नाहीत. माहितीसाठी नंबर आहे 14448. हे मुद्दाम सांगते, कारण घाटकोपरच्या एका मैत्रिणीने असाच सोसायटीचा दंड भरायला मोबाईलच्या ॲपवरून कर्ज काढलं आणि न लागणाऱ्या पैशांपायी लागणारं कर्ज अंगावर घेतलं.

मॉल आणि पे-अँड-पार्कबद्दलही बऱ्याच जणींनी विचारलंय. गुजरात उच्च न्यायालयाने 2019 मध्ये मॉलना पार्किंगचे पैसे घेता येणार नाहीत असं म्हटलं, पण त्या निकालाचा कागद दाखवून बोरिवलीच्या मॉलमधून फुकट बाहेर पडता येणार नाही. तिथे दराचा फलक बघा, पावती घ्या, फलकापेक्षा जास्त घेतलं तर फोटो काढा आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर कळवा. रस्त्यावरचं पार्किंग महापालिकेच्या ठेकेदाराचं असेल तर 1916. पावती न देता पैसे मागणाऱ्याला मी तरी पैसे देत नाही.

ताईंचं पुढे काय झालं ते सांगते. पत्राला सव्वा महिना उत्तर नाही. मग त्यांनी टी विभागाच्या उपनिबंधकांकडे अर्ज दिला, सोबत पोच लावलेल्या सगळ्या प्रती. पुढच्या बिलात "वसुली खर्च" गायब झाला. वार्षिक सभेत दंडाचा विषय निघाला तेव्हा ठरावच सापडेना, आणि 12,000 ची रक्कम काढून टाकायचं ठरलं. महिन्याचं स्कूटरचं शुल्क त्या भरतात. स्टिल्टमधल्या जागांसाठी आता चिठ्ठ्या टाकणार आहेत, आणि बिल्डरला पैसे दिलेले शेजारी अजून ताईंशी बोलत नाहीत.