खूर आणि सडक

सांगलीहून तासगावकडे जाणारी सडक माधवनगरची वस्ती ओलांडून कवलापूरच्या अंगाला लागते, तेथे रस्त्याकडेच्या एका लिंबाखाली, गळिताचा हंगाम सुरू झाला की, दिवस वर येण्यापूर्वीच बैल आडवे पडलेले दिसतात. मिरज संस्थानाच्या धाकट्या पातीच्या, म्हणजे बुधगावकर पटवर्धनांच्या हद्दीतले माधवनगर एके काळी पेठेसाठी आणि कॉटन मिलसाठी पंचक्रोशीत ओळखले जाई. मिलचा भोंगा थांबला, पण उसाच्या गाड्यांची वर्दळ उरली, आणि तिच्या आधाराने नालबंदाचे दुकानही उरले. दुकान कसले, एक गोणपाट. त्यावर हातोडा, सांडस, कानस, पटाशी, वाकड्या पात्याची सुरी, खिळ्यांचा डबा आणि तारेत ओवलेल्या पत्र्यांच्या माळा.

घोड्याला नाल आणि बैलाला पत्री, हा भेद खुराच्या घडणीतून आलेला आहे. घोड्याचे खूर अखंड, बैलाचे दुभंगलेले. म्हणून एका पायाला दोन याप्रमाणे एका बैलाला आठ पत्र्या लागतात. घोडा तीन पायांवर उभा राहून चौथा पाय नालबंदाच्या स्वाधीन करतो. बैलाच्या अंगी ती सोय नसल्यामुळे त्याला पाडावे लागते, आणि पाडण्याचे काम जितके दांडगाईचे दिसते तितकेच ते हिशेबाचे असते. शिंगांच्या बुडाशी सोल बांधून त्याचा एक वेढा पुढच्या पायांमागून छातीभोवती आणि दुसरा मागच्या मांड्यांपुढून पोटाभोवती घेतला, आणि मोकळे टोक दोघांनी मागे सरळ ओढून धरले, म्हणजे एवढा थोरला खिलार कोणी न ढकलता आपण होऊन गुडघे टेकतो व कुशीवर येतो. त्याचे पोट मात्र रिकामे असले पाहिजे. भरल्या पोटी आडवा पाडलेला बैल फुगतो, म्हणून वैरण टाकून आणलेला बैल आमचे नालबंद चाचा बिनदिक्कत परत पाठवतात.

एके दिवशी आलेल्या जोडीतला डावा बैल खरसुंडीच्या बाजारात घेतलेला, काळ्या घट्ट खुरांचा, देखणा होता. पण उभा असताना मागला डावा पाय तो पुनःपुन्हा उचलून धरीत होता.

“चाचा, पाय टेकवीना झालाय बघा. पत्री झिजली असंल,” मालक म्हणाला.

“पत्री न्हाई झिजली, पाटील. आत काय तरी हाय.”

चारही पाय एकत्र बांधून लाकडी टेकूवर घेतल्यावर चाचांनी प्रथम जुनी पत्री सांडसाने उचकटली, खुरांच्या बेचक्यातील वाळलेले शेण व चिखल खरवडून काढला, आणि मग हत्याराला हात न लावता दोन्ही नखांचे तळवे अंगठ्याने हळूहळू दाबीत गेले. बाहेरच्या नखावर अंगठा येताच बैलाच्या मांडीचे कातडे थरथरले. मागल्या पायाच्या बाहेरच्या नखावर आणि पुढल्या पायाच्या आतल्या नखावर भार अधिक पडतो, ही गोष्ट पशुवैद्यकाच्या पुस्तकात आहे; चाचांच्या ती अंगठ्यात आहे. खुराची भिंत आणि तळवा जेथे एकमेकांस मिळतात तेथे एक फिकट रेघ असते. खिळा त्या रेघेच्या आत न शिरता बाहेरच्या बाजूस तिरपा जाऊन त्याचे टोक भिंतीतून निघावे, मग ते पिळून तोडावे व वळवून ठोकावे, असा दंडक आहे. तो चुकला की खिळा अक्षरशः जिव्हारी लागतो. त्याच रेघेत, पत्रीखाली दडून, ज्वारीच्या दाण्याएवढी डांबरी सडकेची खडी रुतून बसली होती. सुरीच्या टोकाने ती निघाली, आणि तिच्यामागोमाग काळपट, उग्र वासाचे पाणी आले.

चाचांनी तेवढी जागा तासून मोकळी केली, धुतली, औषध भरले, आणि त्या नखाला पत्री मारण्यास साफ नकार दिला.

“आज फेरी चुकली तर पाळी जातीय, चाचा. बारका खिळा मारा की.”

“खिळा बारका असला म्हणून दुखणं बारकं हुत न्हाई.”

शेजारच्या निरोगी नखावर मात्र त्यांनी जाड पत्री बसवली, म्हणजे भार तिच्यावर जाऊन दुखरे नख अधर राहावे. पशुवैद्यक हेच काम निरोगी नखाला लाकडी ठोकळा चिकटवून करतात. माझ्या मते नालबंदाचे कसब ठोकण्यापेक्षा न ठोकण्यात अधिक दिसते, आणि मोबदला मात्र ठोकलेल्या पत्र्यांवर मोजला जातो, ही या धंद्यातली मोठीच विसंगती होय.

खूर महिन्याला सुमारे पाच मिलिमीटर वाढतो. काळ्या रानात ही वाढ आणि झीज यांचा मेळ आपोआप बसतो. दोन-अडीच टन ऊस भरलेली टायरगाडी ओढीत डांबरावरून कारखाना गाठताना तो मेळ साफ मोडतो. पायाचे बहुतेक विकार पायात जन्मत नाहीत, पायाखालच्या जमिनीत जन्मतात. बैलाहून अगदी निराळ्या जनावरातही हेच दिसते: चिंचिला नावाचा अर्ध्या किलोचा मऊ केसांचा प्राणी हल्ली हौसेने पाळतात. त्याचे मूळ घर अँडीज पर्वतातले खडक. त्याच्या पिंजऱ्याला तारेच्या जाळीचा तळ दिला की बिनकेसांच्या कोवळ्या तळव्यांना जखमा होतात, आणि मलमापेक्षा जाळीवर टाकलेली लाकडी फळी किंवा सपाट दगड अधिक गुणकारी ठरतो. खिलाराच्या बाबतीतही औषधाच्या आधी गोठ्याची तजवीज पाहावी लागते. कारखान्याच्या तळावर मूत आणि चिखल यांत रात्रभर उभ्या असलेल्या बैलाचे खूर मऊ पडतात, बेचके कुजते, आणि सकाळी त्याच मऊ खुरांनी त्याला खडीवर चालायचे असते. मुरमाची उंचवट्याची जागा, वर उसाचा कोरडा पाला, आणि आठवड्यातून एकदा मोरचुदाच्या पाण्यात पाय बुडवणे, एवढा बंदोबस्त पुष्कळदा पुरतो. लाळ-खुरकताची गोष्ट वेगळी. तिथे लसीला पर्याय नाही. धान्याचा एकाएकी भडिमार केल्यानेही खुराच्या आत दाह होतो, हे तर कित्येक हौशी मालकांच्या गावीही नसते.

ओझ्याच्या जनावरांसंबंधी 1965 साली झालेल्या नियमांनी दिवसाला नऊ तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक काम घेण्यास, तसेच पारा 37 अंशांवर असता दुपारी बारा ते तीन या वेळात जनावर जुंपण्यास मनाई केलेली आहे. उन्हाने तापलेल्या डांबराला हात लावून पाहणाऱ्यास या कलमाचे कारण विचारावे लागत नाही. पण उसाच्या तळावर या नियमांचा उच्चार मी कधी ऐकला नाही. तेथे हुकूम चालतो तो कारखान्याच्या पाळीचा.

दोर सुटताच बैल धडपडत उठला, जागच्या जागी दोन पावले टाकून त्याने डावा पाय बेताने टेकवला. मालकाने सात पत्र्यांचे पैसे पुढे केले. चाचांनी आठांचे मागितले, कारण न मारलेल्या पत्रीलाच सर्वांत अधिक वेळ लागला होता. घासाघीस बरीच झाली आणि शेवटी साडेसातांवर मिटली. आठ दिवस पाय कोरडा ठेवून बैल पुन्हा आणावा असे ठरले, आणि तोवर चुलत्याचा एक बैल मागून जुंपता येतो का, हे पाहण्यासाठी मालक फोन कानाला लावून सडकेपलीकडे गेला.