टॅरंटुला घरी आणला? पहिले पंधरा दिवस त्याला हातही लावू नका

तळहाताएवढा केसाळ कोळी हातावर फिरवणारी मंडळी मोबाईलवर आता सगळ्यांनीच पाहिली आहेत. हाच तो टॅरंटुला. युरोप-अमेरिकेत तो हौसेनं पाळतात, आपल्याकडं शहरांतही त्याचे शौकीन आहेत. पण कोळी घरी आल्यावर पुढं काय, हे व्हिडिओत कोणी सांगत नाही. पाळलेला टॅरंटुला उपाशी राहून क्वचितच मरतो. त्याला नडते ती मालकाची घाई आणि नको तितकी काळजी.

प्रवास करून आलेला कोळी भेदरलेला असतो. डब्यात सोडला की कोपऱ्यात पाय आखडून बसतो, आठवडाभर खातही नाही. नाही खाल्लं तर नाही. मोठा टॅरंटुला काही आठवडे, कधी कधी महिनेही न खाता राहतो. पाण्याची उथळ वाटी मात्र कायम भरलेली हवी. डबा उन्हापासून लांब, शांत जागी ठेवायचा आणि पंधरा दिवस तसाच राहू द्यायचा. काडीनं डिवचणं नाही, पाहुण्यांना दाखवायला बाहेर काढणं तर नाहीच.

जात बदलली की घर बदलतं

सगळ्यांना एकच डबा चालत नाही. मेक्सिकोचा लाल गुडघ्यांचा टॅरंटुला जमिनीवर राहतो. त्याला पसरट डबा, खाली चार-पाच बोटं कोरडी कोकोपीट (नर्सरीत रोपांना वापरतात तीच) आणि लपायला सालीचा तुकडा पुरतो. डबा उंच नको. हा कोळी अंगानं जड, वीतभर उंचीवरून पडला तरी पोट फुटून मरू शकतो. त्यामुळं हातावर खेळवण्यात जास्त धोका कोळ्यालाच आहे.

दक्षिण अमेरिकेतला गुलाबी पावलांचा कोळी झाडावर राहणारा. त्याला उभा डबा, आत फांदी आणि खेळती हवा लागते. ओलावा हवा म्हणून झाकण गच्च लावलं की आत बुरशी येते आणि कोळी दगावतो. बिळात राहणाऱ्या जातींना वीतभर खोल, किंचित ओलसर माती लागते. त्या दिवसा दिसतच नाहीत. आणि कुठल्याही जातीचे दोन कोळी एका डब्यात ठेवू नयेत. एक दुसऱ्याला खाऊन टाकतो.

पाठीवर पडला म्हणजे मेला नाही

नवख्या मालकाची सगळ्यात मोठी चूक इथंच होते. टॅरंटुला साप-झुरळासारखी कात टाकतो आणि त्यासाठी पाठीवर उताणा पडतो. तासन् तास तसाच राहतो. मेला समजून कोणी त्याला उलटवतो, कोणी फेकूनही देतो. खरं तर मरणारा कोळी बहुधा उताणा पडत नाही; पाय पोटाखाली मुडपून बसतो. कात टाकताना स्पर्श करायचा नाही आणि डब्यात जिवंत किडा असेल तर आधीच काढून घ्यायचा. अंग मऊ असताना साधा रातकिडाही त्याला कुरतडतो. नंतर मोठ्या कोळ्याला आठ-दहा दिवस खायला देऊ नये. पांढरे दिसणारे सुळे टणक होऊन काळे पडले की मग द्यावं.

एरवी मोठ्या कोळ्याला आठवड्यातून एखादं झुरळ किंवा रातकिडा बास. शेतातला नाकतोडा मात्र देऊ नका. फवारणी झालेल्या रानातला किडा म्हणजे कोळ्याला विषच. ज्या खोलीत डास-झुरळांचा स्प्रे मारता, तिथंही डबा नको.

आपल्याकडचा कोळी वेगळा

अमेरिकेतल्या बऱ्याच जाती पोटावरचे केस पायांनी उडवतात. ते डोळ्यात गेले तर आग होते, म्हणून डबा साफ केल्यावर हात धुवायचे. आशियातल्या जातींकडं असे केस नसतात. त्या चपळ असतात आणि सरळ चावतात. सह्याद्रीत झाडांच्या ढोलीत राहणारा करडा-पांढरा, नक्षीदार टॅरंटुला त्यातलाच. त्याच्या चाव्यानं जीव जात नाही, पण अंगात गोळे येतात आणि दुखणं काही दिवस पुरतं. चावल्यास जागा साबणानं धुवा, आवळून बांधू नका, कापू नका आणि सरळ आरोग्य केंद्रात जा. सापाच्या विषावरचं इंजेक्शन यावर चालत नाही.

याच कुळातला निळा टॅरंटुला आंध्र प्रदेशातला. शास्त्रज्ञांनी १८९९ मध्ये त्याची नोंद केली, पुढं शंभर वर्षं तो कोणाला दिसलाच नाही, २००१ मध्ये पुन्हा सापडला. आज परदेशात कितीतरी जणांच्या डब्यात तो आहे, आणि रानात मात्र अगदी छोट्या पट्ट्यात उरलाय. २०१९ मध्ये हे सगळं कूळ आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या यादीत गेलं. मेक्सिकोचा लाल गुडघ्यांचाही त्याच यादीत आहे. अशा यादीतल्या विदेशी जाती पाळायच्या तर ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी लागते. विकणारा कागद दाखवत नसेल तर घेऊ नका. जंगलातून कोळी धरून विकणाऱ्यावर वन विभागाची कारवाई होऊ शकते, मग तो शंभर रुपयांना का विकला असेना.

पावसाळ्यात मादी शोधत फिरणारे नर कधी कधी घरात किंवा गोठ्यात शिरतात. चप्पल उचलू नका. वरून रुंद डबा पालथा घाला, खालून जाड पुठ्ठा सरकवा आणि जवळच्या झाडापाशी नेऊन सोडा.