ज्वरमुक्तीनंतर उपस्थात्याची चिंता

वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी या चिकित्सेच्या चार पादांचे प्रत्येकी चार गुण चरकाचार्यांनी सांगितले आहेत. त्यांत निर्भयता हा गुण रोग्याच्या वाट्यास आला आहे. उपस्थात्याकडून अपेक्षा आहे ती उपचारांचे ज्ञान, दक्षता, अनुराग व शुचिता यांची. व्यवहारात मात्र रोगी निवांत आणि उशाशी बसलेली आई वा पत्नी भयग्रस्त, असेच आम्हांस अधिक वेळा दिसते. अनुराग आहे तेथे भीती असणारच. तिचे विश्वासात रूपांतर कसे करावे, हे डेंग्यूच्या अनुषंगाने पाहू. पावसाळ्यात व त्यानंतर हा प्रसंग आपणा सर्वांवर येतो.

या व्याधीत काळजी आणि धोका यांची वेळ क्वचितच जुळते. ज्वर चढलेला असताना सारे घर जागे असते. तो उतरला की सर्वांस हायसे वाटते. वस्तुतः तिसऱ्या ते सातव्या दिवसांदरम्यान ज्वर उतरतो, तेव्हाचेच २४ ते ४८ तास निर्णायक होत. तीव्र पोटदुखी, वारंवार उलटी, हिरड्यांतून वा शौचावाटे रक्त, ग्लानी वा बेचैनी, लघवी कमी होणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावयाचे. तेथे विश्वासाने घरी थांबणे अनर्थकारक ठरेल.

हा काळ निर्विघ्न पार पडला, भूक लागू लागली, लघवी मोकळी झाली, की बलप्राप्ती सुरू होते; आणि नेमकी तेव्हा घरच्यांची चिंता वाढते. अंगावर लाल पुरळ उठते, खाज सुटते, नाडी मंद लागते, रुग्ण चार पावलांत थकतो. पुरळ व मंद नाडी या अवस्थेत पुष्कळदा आढळतात. थकवा तर काही आठवडेही राहतो. हे आधीच सांगितलेले असेल, तर पुरळ पाहून नातेवाईक म्हणतात, "वैद्य म्हणाले होते तसेच झाले." न सांगितल्यास तेच पुरळ मध्यरात्रीच्या दूरध्वनीस कारण होते. "काळजी करू नका" एवढ्या वाक्याने कोणाची काळजी मिटल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

प्लेटलेटच्या आकड्याचे तसेच. रुग्ण जेवू लागला, हिंडू लागला, तरी दीड लाखाचा आकडा दिसेपर्यंत रोज रक्त तपासणारी घरे आहेत. या अवस्थेत श्वेतपेशी बहुधा आधी वाढतात, प्लेटलेट त्यामागून, हे समजावून सांगावे.

अतिचिंतनाने रसवह स्रोतसे दुष्ट होतात आणि चिंता, भय, जागरण यांमुळे मात्रेत घेतलेले पथ्यान्नही पचत नाही, हे आपण जाणतोच. चिंतेचा दुसरा उपद्रव स्वयंपाकघरात दिसतो. अशक्तपणा लवकर जावा म्हणून पेज व मुगाचे कढण यांच्या जागी सुकामेवा, तूप, मिठाई यांचा मारा होतो आणि मंदाग्नी आणखी मंदावतो.

औषधविक्रेत्या बंधूंचे स्थान येथे फार मोलाचे आहे. चिंताग्रस्त नातेवाईक आमच्याआधी आपल्या दुकानाची पायरी चढतो. पपईच्या पानांच्या गोळ्या, शक्तिवर्धक अवलेह, अंगदुखीवर काहीतरी, असे सारे एकदम मागतो. अंगदुखीसाठी अ‍ॅस्पिरिन वा आयबुप्रोफेन देऊ नये. रक्तस्रावाचा धोका वाढतो. अवलेह देण्यापूर्वी "भूक कशी आहे?" एवढे विचारले तरी निम्मे काम होते. गिऱ्हाईक रिकाम्या हाती परतले तरी पुढच्या वेळी आपल्याकडेच येईल, असा आमचा अनुभव आहे.

आम्ही उपस्थात्यास एक साधी वही देतो. तीत सकाळ-संध्याकाळ ताप, लघवी किती वेळा, भूक व झोप यांची नोंद करावयाची. दर तासाला कपाळावर हात ठेवणे त्यामुळे आपोआप थांबते. पुढील भेटीचा दिवस व वेळ पहिल्या पानावर आम्हीच लिहितो. अलीकडे त्याच वहीत आणखी एक रकाना वाढविला आहे: उपस्थाता स्वतः किती तास झोपला.