लेबलावर नसलेले शेंगदाणे

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात स्ट्यू लेनर्ड्स या दुकानाच्या दोन शाखांमध्ये २०२३च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये फ्लोरेंटाइन कुकीज विकल्या जात होत्या. पाकिटावर सोयाबीनचा उल्लेख होता, शेंगदाण्याचा नव्हता. कुकीजमध्ये मात्र शेंगदाणे होते. शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेल्या पंचवीस वर्षांच्या एका नर्तिकेने जानेवारीत एका समारंभात ती कुकी खाल्ली. एपिनेफ्रिनचं इंजेक्शन देऊनही ती वाचली नाही. माल परत मागवला गेला तो त्यानंतर.

घटक बदलल्याचं आपण जुलैतच कळवलं होतं, असं कुकीज बनवणारी कंपनी म्हणते. आपल्या सुरक्षा अधिकाऱ्याला ते कुणी सांगितलंच नाही, असं दुकान म्हणतं. कुणाचं खरं मानायचं ते माना. लेबल जुनंच राहिलं.

ॲलर्जी म्हणजे नावड नव्हे. शरीराची प्रतिकारशक्ती शेंगदाण्यातल्या प्रथिनाला शत्रू समजते, हिस्टामिनसारखी रसायनं सोडते, घसा सुजतो, रक्तदाब कोसळतो. कधी कधी काही मिनिटांतच. अशा माणसाला आधार फक्त छापलेल्या यादीचा, आणि अमेरिकेत खाद्यपदार्थ परत मागवण्याचं सर्वांत मोठं कारण याच यादीतली चूक आहे.

मिठाई, चॉकलेट, बिस्किटांत ती सहज होते. एकाच यंत्रावर सकाळी दुधाचं चॉकलेट आणि दुपारी डार्क चॉकलेट निघतं. ते यंत्र पाण्याने धुवायची सोय नसते, कारण पाण्याने चॉकलेट बिघडतं. साहजिकच आदल्या मालातलं दूध पुढच्या वड्यांत उतरतं. कधी कामगार एका मालाच्या पाकिटात दुसराच माल भरतो.

भारतात २०२०च्या नियमांनुसार पाकीटबंद पदार्थावर ग्लुटेनयुक्त धान्यं, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, सुकामेवा, सोयाबीन वगैरेंची नोंद सक्तीची आहे. सदोष माल परत मागवण्याचे नियम २०१७पासून आहेत.

पण आपली दिवाळी पाकिटातून कमी आणि ट्रेमधून जास्त येते. काजूकतलीत काजूऐवजी शेंगदाण्याची पूड मिसळणारे कमी नाहीत. ग्राहकाला ती निव्वळ फसवणूक वाटते, पण ॲलर्जी असलेल्या मुलाच्या जिवावर ती बेतू शकते. ऑक्टोबर २०२०पासून सुट्या मिठाईसमोर ‘या तारखेपर्यंत खावी’ अशी पाटी लावण्याचा नियम आला. त्याच पाटीवर दूध, काजू, शेंगदाणा, गहू यांपैकी जे असेल ते लिहायला दुकानदाराला जादा खर्च येणार नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ती एक ओळ सक्तीची करावी.